सोयऱ्याने नेलेली कुऱ्हाड

मसाबिला गेला त्या सकाळी कोंदोला आधी रडू आलं नाही, राग आला. चाळीसेक वर्षं ज्याच्याशी रोज भांडलो तो माणूस असा झोपेतल्या झोपेत, कुणाला काही न बोलता निघून जातो म्हणजे काय? त्याने शिलाई मशीनवर झाकण घातलं, सदरा उलटा चढवला, लक्षात आलं तरी तसाच ठेवला आणि मसाबिलाच्या घराची वाट धरली. चालता चालता तो शिव्या जुळवत होता. आजच्या दिवशी ते त्याचं कामच होतं.

कोंदो झारामो, समुद्रकाठचा. मसाबिला न्यामवेझी, ताबोराच्या या कोरड्या रानातला. हे दोन समाज एकमेकांचे थट्टेचे सोयरे. नातं कधी जुळलं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही; न्यामवेझी डोक्यावर ओझी घेऊन समुद्रापर्यंत पायी जायचे तेव्हापासूनचं, असं म्हातारे म्हणतात. सोयऱ्याने सोयऱ्याला वाटेल ते बोलावं, त्याच्या ताटातलं उचलून खावं, त्याच्या लग्नात नवरदेवाला माकड म्हणावं, आणि समोरच्याने ते हसत ऐकून दुपटीने परत करावं. बंदी दोनच गोष्टींना. सोयऱ्यावर रागवायचं नाही आणि सोयऱ्याचे आभार मानायचे नाहीत. रागावलात तर नातं तुटलं, आभार मानलेत तर तो परका झाला.

मयताच्या घरी तर सोयऱ्याचा मान मोठा. सगळे रडत असताना त्याने मेलेल्याची नक्कल करायची, त्याच्या खोडी चव्हाट्यावर मांडायच्या आणि घरातली एखादी मोलाची वस्तू उचलून चालतं व्हायचं. घरच्यांनी मग कोंबडी, कापड, जे काय ठरेल ते देऊन ती सोडवून आणायची. एवढं झालं नाही तर मेलेला माणूस नीट मार्गी लागला असं कुणी मानत नाही.

कोंदो इकडे आला तो तरुणपणी, रेल्वेच्या रुळांच्या टोळीत. इथे, इपेम्बे गावच्या स्टेशनात, तापाने फणफणून बाकावर पडला, टोळी त्याला तिथेच टाकून पुढे गेली. मसाबिलाने त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं आणि बरं वाटेपर्यंत ज्वारीची पेज पाजली. शुद्धीवर आल्यावर कोंदोच्या कानावर पहिलं वाक्य पडलं ते असं: "आमच्या पणज्यांनी हस्तिदंत वाहिले, मीठ वाहिलं, कापडाचे गठ्ठे वाहिले, पण इतका निरुपयोगी माल आमच्या घराण्यात कुणी वाहिला नव्हता." बरा झाल्यावर कोंदो गेलाच नाही. मसाबिलाने त्याला घर बांधायला जागा दिली, मशीन घेता यावं म्हणून स्वतःच्या पोळ्यांचा मध विकला, गावात कुणी त्याला उपरा म्हटलं की पुढे होऊन त्याची बाजू घेतली. या सगळ्याचे आभार कोंदोच्या घशात इतकी वर्षं अडकून होते. मागच्या आठवड्यात आजाऱ्याच्या खाटेशी बसून त्याने धीर केला होता. "मसाबिला, एक सांगायचं राहिलंय. तू मला त्या दिवशी..."

"ताप मला आलाय आणि बरळतोस तू," मसाबिला म्हणाला होता. "गप बस आणि पाणी दे."

मसाबिलाच्या दाराशी खांबाला मानाची कुऱ्हाड टांगलेली असे. पातं चंद्रकोरीसारखं, नखाएवढं पातळ. दांड्याला तांब्याच्या तारेची घट्ट वीण, आणि वरची गाठ पिढ्यान्‌पिढ्यांच्या खांद्यांवर घासून गुळगुळीत झालेली. ती खांद्यावर घेऊन मसाबिला बैठकीला आला की माणसं उठून उभी राहत आणि तो तोंड उघडेपर्यंत कुणी चकार शब्द काढत नसे. अशा कुऱ्हाडी मिरवणारे जुने राजे सरकारने केव्हाच मोडीत काढले. आता गावाला निवडून दिलेला चेअरमन आहे, त्याच्याकडे रबरी शिक्का आहे. पण बांधाची भांडणं, सोयरिकी, माहेरी निघून गेलेल्या बायका, हे सारं मिटायचं ते कुऱ्हाडीपुढेच. तिने कधी काटकीसुद्धा तोडली नव्हती, तोडायचीही नसते. कोंदो म्हणायचा, "दारात एवढी कुऱ्हाड टांगलीय आणि सरपण फोडायला माझी मागायला येतोस. असला श्रीमंत मी दुसरा पाहिला नाही."

तर कोंदो अंगणात पोचला. लोकांनी त्याला वाट करून दिली, बायकांचं रडणं थोडं मंदावलं, सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले. चटईवर मसाबिलाची बायको न्यामिझी बसली होती. तिनेही मान वर केली. कोंदोने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की आत काहीच नाही. वाटेत जुळवलेल्या शिव्या कुठल्या कुठे गेल्या होत्या. तो शेतातल्या बुजगावण्यासारखा हात पसरून उभा राहिला.

तेवढ्यात दाराशी कुजबुज वाढली. मसाबिलाचे दोन मुलगे तिथे उभे होते. थोरला मिहायो म्वान्झा शहरात एका बस कंपनीच्या कचेरीत होता. रात्रभर प्रवास करून नुकताच उतरला होता. धाकटा कासेको गावातच राहून तंबाखू लावायचा, मधाची पोळी सांभाळायचा. दोघांचेही हात कुऱ्हाडीच्या दांड्यावर होते.

"मी थोरला आहे," मिहायो दबक्या आवाजात म्हणाला.

"थोरला आहेस तर इथे राहा ना. बैठक काय फोनवरून घेणार आहेस?"

"बाबा कधी म्हणाले होते, तुला देतो म्हणून?"

"नव्हते म्हणाले. पण त्यांचं अंथरूण कोण धूत होतं ते त्यांना ठाऊक होतं."

लोक खाली जमिनीकडे बघू लागले. न्यामिझीचं रडणं थांबलं, आणि ते थांबणं रडण्यापेक्षा वाईट होतं. मसाबिला अजून आतल्या खोलीत होता. भिंत मातीची, मधे काही अंतर नाही.

कोंदोने विचार केला नाही. तो दोघांच्या मधे घुसला आणि दांडा हिसकून घेतला.

"सोडा रे. बाप अजून घरातून हलला नाही आणि तुम्ही त्याची वाटणी करताय."

त्याने कुऱ्हाड खांद्यावर टाकली. तिचं वजन खांद्यावर बसलं आणि काय झालं कोण जाणे, त्याच्या अंगाला मसाबिलाची चाल आठवली. पोट पुढे आलं, डावा पाय किंचित फरफटू लागला. चार पावलं चालायचं, थांबायचं, आता काहीतरी फार मोठं बोलणार असा घसा खाकरायचा आणि मग "तपकीर आहे का कुणाकडे?" एवढंच विचारायचं. अंगणात आधी एक म्हातारी फिस्कन हसली, मग तिची सून, मग सगळेच. हसता हसता बायका पुन्हा रडू लागल्या, पण आता ते रडणं मोकळं होतं.

"ऐका," कोंदो मसाबिलाच्या जाड आवाजात म्हणाला. "आजचा पहिला निवाडा. मसाबिला सकाळपासून झोपलाय आणि उठायचं नाव काढत नाही. तेव्हा त्याची बायको आजपासून या झारामोची. न्यामिझी, ऊठ, मासे साफ करायला शिकून घे."

"तुझ्या मशीनलाच बायको कर," न्यामिझी डोळे पुसत म्हणाली. "ती तरी तुझी कुरकुर ऐकून घेते."

सगळं जसं व्हायला हवं तसं चाललं होतं. आता कोंदोने कुऱ्हाड घेऊन घरी जायचं आणि घरच्यांनी ती सोडवायला यायचं, एवढंच उरलं होतं. पण मिहायो वाटेत आडवा आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"ही चोरी आहे," तो म्हणाला. "काका, ती खाली ठेवा. नाहीतर मी पोलिसांना बोलावतो."

कुणीतरी हळूच म्हणालं, "सोयऱ्यावर रागावला." कासेकोने मान खाली घातली, मघाशी भावाशी भांडत होता, आता भावापायी शरमला. न्यामिझीने चेहऱ्यावर पदर ओढून घेतला.

शिवीला शिवी देता येते, रागाला काय द्यायचं? कोंदो मिहायोला वळसा घालून घरी गेला आणि कुऱ्हाड मशीनशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. दुपारी घरामागच्या मोकळ्या जागेत मसाबिलाला पुरलं तेव्हा तो गेला, माती टाकली आणि कुणाशी न बोलता परतला.

त्यानंतर कुणी आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. कोंदो मशीनवर बसून वाटेकडे बघत राहिला. त्याची गत मोठी चमत्कारिक झाली होती. कुऱ्हाड स्वतःहून नेऊन दिली तर आपण चोर होतो हे कबूल केल्यासारखं. आणि कुणी सोडवायलाच आलं नाही तर आपण त्या घराचे कुणीच नव्हतो, एका माणसाचे सोयरे होतो आणि तो माणूस गेला, एवढाच त्याचा अर्थ. मसाबिला असेपर्यंत कोंदो इपेम्बेचा होता. आता कोण त्याला शिव्या देणार? लोक 'म्हातारेबुवा, बसा' म्हणतील, स्टूल देतील, पाणी देतील. पाहुण्याला देतात तसं.

त्याच्या मुलीचा, झुहुराचा, दार-एस-सलामहून फोन आला. त्याची बायको तिच्याकडे गेली असतानाच वारली होती, तिची कबर तिकडेच होती.

"बाबा, आता तिकडे तुमचं कोण आहे?" झुहुरा म्हणाली. "या इकडे. खोली रिकामी आहे. मशीनसुद्धा आणा."

"बघू," कोंदो म्हणाला.

"काय बघू? दर वेळी बघूच म्हणता."

"एक वस्तू माझ्याकडे पडलीय. ज्यांची त्यांनी नेली की बघू. नाही नेली तर येतोच."

भरीला कपाया आला. मसाबिलाच्या चुलत घराण्यातला हा. पोटाने आणि आवाजाने मोठा, बाकी विशेष काही नाही. नवा सदरा शिवायचा होता. माप देताना त्याने भिंतीशी टेकलेल्या कुऱ्हाडीकडे एकदा पाहिलं आणि खांद्याला जरा सैल ठेव म्हणाला.

"खांद्याला कशाला?" कोंदोने विचारलं.

"सुतक फिटायच्या दिवशी मसाबिलाच्या घरातून कुऱ्हाड घेऊन कुणी त्याच्या मानाच्या स्टुलावर बसला नाही, तर मान आमच्या घराकडे येतो. आजोबांच्या काळी ठरलंय तसं. मी काही मागत नाही हं. पण तयारी असलेली बरी."

कोंदोने त्याला सदरा शिवून दिला. खांद्याला इतका घट्ट शिवला की कपायाला हात वर करून नमस्कारही करता येऊ नये.

अखेर एका सकाळी दोघे भाऊ आले. न्यामिझीने पाठवलं होतं हे दुरूनच कळत होतं, कारण दोघांमध्ये बैलगाडी जाईल एवढं अंतर होतं. मिहायोने एक बकरी दोरीने धरून आणली होती. चांगली धष्टपुष्ट, बाजारातून निवडून आणलेली.

"काका, त्या दिवशी मी बोललो ते..." मिहायो म्हणाला आणि अडला. "म्वान्झात असं काही नसतं. विसरायला होतं. ही घ्या आणि आमची वस्तू द्या."

कोंदोने बकरीकडे पाहिलं. बकरीने मशीनवरचं कापड चघळायला घेतलं होतं. बकरी घेतली असती तर हिशेब चुकता झाला असता, रीत पाळली गेली असती आणि मिहायो पुन्हा कधी त्याच्या दारात आला नसता. कोंदोला ते नको होतं. त्याला काय हवं होतं ते त्यालाही बोलायला लागल्यावरच कळलं.

"बकरी ने परत," तो म्हणाला. "मला मासे आवडतात हे तुझ्या बापाला ठाऊक होतं, तुला नाही. हे बघा, तुमचा बाप मला रोज शिवी द्यायचा. सकाळची एक, संध्याकाळची एक, पावसात तर दुपारचीही. आता कोण देणार? मला एक चांगली शिवी द्या. हसवा मला. मी हसलो की कुऱ्हाड तुमची."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं.

"तू दे," कासेको म्हणाला. "थोरला आहेस ना?"

मिहायोने घसा साफ केला, सदरा नीट केला. कचेरीत साहेबासमोर उभं राहावं तसा उभा राहिला.

"काका, आपण गाढव आहात."

"आपण?" कोंदो म्हणाला. "गाढवाला आपण म्हणतात म्वान्झात? खुर्ची पण देता का?"

"आपण... तुम्ही फार म्हातारे आहात."

"हे तर डॉक्टरही सांगतो, आणि त्याला कुणी कुऱ्हाड देत नाही. कासेको, तू बघ."

कासेकोने बराच विचार केला. मग म्हणाला, "तुम्ही मासे खाता."

"खातो."

"म्हणजे... तुम्हाला माशांचा वास येतो."

"अरे इथून समुद्र किती लांब आहे? मला वास यायला मासा तरी मिळायला हवा. जा घरी. आईला विचारा, म्हाताऱ्यांना विचारा, तुमचा बाप काय काय म्हणायचा. त्याच्या पोटी असले दोन मठ्ठ कसे निपजले, मला तर न्यामिझीचाच संशय येतो."

मिहायोच्या कपाळावर आठी आली. राग येत होता. तो त्याने गिळलेला कोंदोने पाहिला, आणि त्याला त्या क्षणी तो पोरगा आवडला. दोघे निघाले. जाताना त्यांच्यामधलं अंतर बकरीएवढं उरलं होतं, कारण बकरी दोघांनाही आवरत नव्हती.

मग पुढचे दिवस कोंदो मशीनवर बसून कान त्या घराकडे लावून राहिला. दुपारी तिकडे एकाच ओंडक्यावर दोघे भाऊ बसलेले दिसायचे. कधी न्यामिझी समोर शेंगा सोलत असायची आणि हातातलं टाकून काहीतरी सांगत असायची, कधी गावातला एखादा म्हातारा काठी टेकत येऊन बसायचा. एकदा कासेकोने कोंदोची चाल करून दाखवली, खांदे उचलून, सुई शोधत असल्यासारखी. मिहायो हसून ओंडक्यावरून खाली घसरला. त्या घरातून हसण्याचा आवाज आला आणि कोंदोचा दोरा सुईतून निसटला. तो त्याला पुन्हा ओवता येईना. डोळ्यांत पाणी होतं. मशीनशी कुणी नव्हतं म्हणून त्याने ते पुसलं नाही.

सुतक फिटायचा दिवस आला. सकाळी घरच्यांनी डोकी भादरली, न्यामिझीने नवं लुगडं नेसलं, ज्वारीची दारू मोठ्या मडक्यांतून अंगणात आली, मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीचे गोळे आणि शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला पाला पंगतीला वाढला. जेवणं झाल्यावर मसाबिलाचं स्टूल मधोमध मांडलं. रिकामं. कपाया पुढच्या रांगेत नव्या सदऱ्यात बसला होता, फार हालचाल न करता. कोंदो एका कडेला मांडीवर कुऱ्हाड घेऊन बसला होता. त्याने रात्रीच कपड्यांचं बोचकं बांधून ठेवलं होतं. समुद्राकडे जाणारी गाडी दुसऱ्या दिवशी होती.

मिहायो उठला. कासेको त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला. मधे आता काही अंतर नव्हतं.

"कोंदो," मिहायो म्हणाला. काका नाही, नुसतं कोंदो. माणसं सावरून बसली. "आमच्या बापाने तुला स्टेशनावरून उचलून आणलं ही त्याची पहिली चूक. बरा झाल्यावर परत नेऊन टाकला नाही ही दुसरी. चाळीस वर्षं आमच्या झाडाखाली बसून आमचेच आंबे खाल्लेस आणि आमच्याच पँटी आखूड शिवल्यास. माझ्या लग्नातली पँट घोट्याच्या वर होती. सासरचे अजून विचारतात, नदी ओलांडून आला होतास का."

अंगणात खसखस पिकली. कोंदोने ओठ घट्ट दाबून धरले.

"बरं आहे," तो म्हणाला. "पण एवढ्यावर दांड्याची तारसुद्धा सुटत नाही."

"आणि आता हा मरणार," कासेको पुढे झाला. तो लोकांकडे वळून बोलत होता, कोंदो जणू तिथे नव्हताच. "दात गेले. डोळे चालले. सुईत दोरा ओवायला माझ्या बायकोला हाक मारतो. तेव्हा आम्ही दोघांनी बसून विचार केला, हा माल टाकायचा कुठे? रेल्वेने समुद्रावर पाठवावा, तर मासेसुद्धा तोंड लावणार नाहीत."

"शिवाय रेल्वेवाले घेणार नाहीत," मिहायो म्हणाला. "त्यांनी एकदा टाकलेला माल आहे. म्हणून बाबांच्या शेजारी जागा आखली. नीट शेजारी नाही, पायाशी. म्हणजे बाबांना कंटाळा आला की लाथ घालायला कुणीतरी असेल."

लोक हसले. कपायाही हसला आणि त्याच्या सदऱ्याची खांद्यावरची शिवण उसवली, त्यावर पुन्हा हसले. मग हसू हळूहळू विरलं, कारण कासेको घरामागच्या मोकळ्या जागेकडे हात करून उभा होता. तिथे त्या घरचीच माणसं पुरतात. मसाबिला, त्याचा बाप, त्याचा आजा. परक्याला तिथे आजवर जागा मिळालेली नव्हती.

"दगड सकाळी लावलेत," कासेको म्हणाला, आणि आता त्याचा आवाज थोडा बदलला होता. "खोटं वाटत असेल तर जाऊन बघ. तुझ्या शिलाईच्या मापाने आखलीय, जरा आखूड."

कोंदो हसला. आधी पोटातून एक आचका आला, मग खांदे हलू लागले, मग बोळकं उघडं टाकून तो असा हसला की मांडीवरची कुऱ्हाड सरकली आणि त्याने ती दोन्ही हातांनी धरली. हसता हसता कधी रडायला लागला ते त्याला कळलं नाही. सगळ्यांनाच कळलं, पण कुणी तसं दाखवलं नाही. आपल्याला एका माणसाने सांभाळलं असं तो इतकी वर्षं समजत होता. ते तेवढंच नव्हतं. घराने सांभाळलं होतं, आणि आता ते घर त्याला सोडायला तयार नव्हतं. गाडी उद्या त्याच्याशिवाय जाणार होती.

तो उठला. कुऱ्हाड उचलून दोघांसमोर आला.

"कुणाच्या खांद्यावर ठेवू?"

"याच्या," मिहायो म्हणाला. "मला बस धरायचीय. ही घेऊन चढलो तर आमचाच कंडक्टर मला खाली उतरवेल."

कोंदोने कुऱ्हाड कासेकोच्या खांद्यावर ठेवली, गाठ मानेजवळ नीट बसवली. कासेको स्टुलाकडे गेला आणि सगळं अंगण उठून उभं राहिलं. न्यामिझी उभी राहिली. मिहायो, थोरला असून, धाकट्यासाठी उभा राहिला.

कासेकोने बसायच्या आधी कोंदोकडे पाहिलं. "जागा पसंत आहे ना?"

सगळ्यांचे डोळे कोंदोवर खिळले. इतक्या वर्षांचं घशात अडकलेलं सगळं एकदम वर आलं, जिभेपर्यंत आलं. बापाला सांगता आलं नव्हतं ते निदान मुलांना सांगावं असं त्याला फार वाटलं. पण तो एक शब्द तोंडातून गेला असता तर तो तिथल्या तिथे परका झाला असता. त्याने डोळे पुसले आणि घसा खाकरला.

"पायाशी नको," तो म्हणाला. "तुमच्या बापाच्या पायांना जन्मभर वास यायचा, मेल्यावर काय कमी झाला असणार. मला त्याच्या डोक्याकडे पुरा."